खारीचा वाटा

मांजर पाळणाऱ्या माणसानें भूतदयेच्या गोष्टी बोलूं नयेत, असें माझ्या एका स्नेह्यांचें मत आहे. हे गृहस्थ स्वतः कांहींच पाळीत नाहींत, दिलेली वेळसुद्धां नाहीं. त्यामुळें त्यांच्या या मताला मीं आजवर फारशी किंमत दिली नव्हती. परंतु गेल्या चैत्रांत, भर दुपारीं, आमच्या मनीनें एक खारीचें पिल्लू तोंडांत धरून आणलें, तें स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं अलगद ठेवलें, आणि माझ्या तोंडाकडे अशा कांहीं शाबासकीच्या अपेक्षेनें पाहिलें कीं, त्या स्नेह्यांची आठवण होऊन मी मनांतल्या मनांत ओशाळलों.

मनी ही आमच्या पुण्याच्या घरांतील एक वजनदार व्यक्ति आहे. तिची जेवणाची वेळ चुकली तर घरांत चौकशी होते. माझी चुकली तर ‘भूक नसेल’ असें समजलें जातें. अशा सुखवस्तु प्राण्याचें शिकारीवांचून काय अडलें होतें, असें कोणी विचारील. पण मांजराच्या मनांत भूक आणि शिकार हे दोन मणी एका दोऱ्यांत ओवलेले नसतात. पोट तुडुंब भरलेलें असलें तरी समोर कांहीं तुरुतुरु पळालें कीं त्याचा पंजा उचललाच म्हणून समजावें. तेव्हां मनीवर रागावण्यांत अर्थ नव्हता. राग यावयाचाच असेल तर तो, दुपारच्या वेळीं मागील दार सताड उघडें टाकून वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडणाऱ्या इसमाचा यावयास हवा होता. आणि तो इसम कोण हें वाचकांनीं ओळखलेंच असेल.

पिल्लू एका कुशीवर पडलें होतें. डोळे उघडलेले, पाठीवरचे पट्टे स्पष्ट उमटलेले, पण शेपूट अद्याप झुबकेदार झालेली नव्हती. श्वासासरशीं सारें अंग थडथड उडत होतें. रक्ताचा मात्र कोठें थेंबही दिसत नव्हता. परीक्षा आटोपून सुट्टीला आलेली माझी नऊ वर्षांची नात धांवत आली. मनीला उचलून तिनें शेजारच्या खोलींत कोंडलें, परत येऊन जमिनीवर पालथी पडून पिल्लाला चोहोंकडून निरखलें, आणि ती आनंदानें ओरडली, “आजोबा, कांहींसुद्धां लागलेलं नाहीं हिला! नुसती घाबरली आहे!”

हें वाक्य मीं पूर्वीं एकदां ऐकलें होतें.

१९६० च्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हां वाईला राहत होतों. घराच्या मागें पेरूचें एक झाड होतें आणि त्या झाडावर खारींचें राज्य होतें. मी दहा वर्षांचा असेन, धाकटी बहीण सहा वर्षांची. एके दिवशीं शेजारच्या बोक्याच्या तोंडांतून एक खार सुटली आणि आमच्या ओसरीवर येऊन पडली. तिलाही कांहीं लागलेलें दिसत नव्हतें. माझ्या बहिणीनें जवळजवळ याच शब्दांत निर्वाळा दिला आणि आम्हीं दोघांनीं खारीची शुश्रूषा आरंभिली. शुश्रूषा म्हणजे काय, तर जें जें करूं नये तें तें सर्व. आम्हीं तिला कापसांत गुंडाळलें आणि दर दहा मिनिटांनीं तो कापूस उलगडून ‘कशी आहेस?’ म्हणून विचारलें. आळींतील यच्चयावत् मुलांना तिचें दर्शन घडविलें. आणि आईची नजर चुकवून वाटींत दूध आणून, समईच्या वातीनें तें थेंब थेंब तिच्या तोंडांत सोडलें. एकदां तें दूध तिच्या नाकांतून बाहेर आलें. खार शिंकली म्हणून आम्ही पोट धरून हंसलों. दुसऱ्या दिवशीं ती टोपलींत थोडी हिंडलीही. बहिणीनें तिचें बारसें केलें. तिसऱ्या दिवशीं पहांटे उठून मीं टोपलीवरचें फडकें दूर केलें, तेव्हां ती ताठरून पडली होती.

बहीण अजून झोपलेली होती. मीं ती खार पेरूच्या झाडाखालीं पुरली, माती सारखी केली, वर पालापाचोळा पसरला, आणि बहीण उठल्यावर तिला सांगितलें कीं, खार अगदीं बरी झाली आणि उजाडतांच टुणकन् उडी मारून पेरूवर चढून गेली. बहिणीला रडूं येऊं नये म्हणून मी खोटें बोललों, असें पुढें पुष्कळ वर्षें मी स्वतःला सांगत आलों. खरें कारण निराळें होतें. ती वात माझ्या हातांत होती.

त्यानंतर पाऊस लागेपर्यंत माझी बहीण रोज दुपारीं चार शेंगदाणे त्या झाडाच्या बुंध्याशीं ठेवीत असे. ते नाहींसे होत. खारी कांहीं थोड्या नव्हत्या. वर फांद्यांतून चिर्र चिर्र असा आवाज आला कीं ती म्हणे, “दादा, आपलीच!” मी म्हणें, “हो.”

एवढें सगळें आठवावयाला फार वेळ लागत नाहीं. नात दुधाची वाटी आणावयास निघाली होती, तोंच मीं इतक्या मोठ्यानें ‘थांब!’ म्हटलें कीं ती दचकून जागच्या जागीं उभी राहिली. काय करावें हें मला ठाऊक नव्हतें. एक गोष्ट काय करूं नये एवढें मात्र ठाऊक होतें.

प्रथम मीं जवळच्याच एका जनावरांच्या दवाखान्याला फोन केला. ‘खार’ हा शब्द ऐकतांच, ‘आम्ही फक्त कुत्रीं-मांजरें पाहतों’ असें सांगून तेथील माणसानें फोन ठेवला. मांजरें पाहणाऱ्यांनीं मांजराचा प्रताप पाहूं नये हें मला जरा विचित्र वाटलें. पण तो बिचारा खोटें बोलत नव्हता, रानांतल्या जिवांचें वैद्यक निराळेंच असतें. मग मीं वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फिरविला, आणि तेथून वन्य प्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका केंद्राचा पत्ता मिळाला. त्या केंद्रांत फोन घेणारा आवाज एका तरुण मुलीचा होता. तिनें पहिलाच प्रश्न केला, “मांजरानं तोंडांत धरलं होतं का?”

“हो,” मी म्हणालों, “पण जखम मुळींच दिसत नाहीं.”

“मग तर लवकर आणा. आजच आणा, उद्यांवर ठेवूं नका.”

या ‘मग तर’चा अर्थ मला तेव्हां कळला नाहीं. तिनें पुढें ज्या सूचना दिल्या त्यांनीं मी अधिकच बुचकळ्यांत पडलों, कारण त्यांतील बहुतेक ‘करूं नका’ अशाच होत्या. उघड्या हातानें धरूं नका. माणसांच्या औषधाची गोळी कुटून देऊं नका. खायला घालूं नका. दूध तर नकोच, पण तोंडांत पाणीसुद्धां सोडूं नका. भेदरलेल्या, गारठलेल्या जिवाला गिळण्याचें भान नसतें. आपण मायेनें सोडलेला थेंब पोटांत न जातां श्वासनलिकेंत उतरतो आणि तेथून फुफ्फुसांत. हें ऐकतांना माझ्या हातांतला फोन जड झाला. ती मुलगी मात्र आपल्या ओघांत बोलतच होती. “आणि सारखं उघडून बघूं नका हं, आजोबा. तुम्ही प्रेमानं बघतां, पण तिच्या दृष्टीनं तुम्ही म्हणजे आणखी एक मोठं मांजरच.”

करावयाच्या गोष्टी तीनच होत्या : अंधार, शांतता आणि ऊब. ‘ऊब?’ असें मीं दोनदां विचारलें. बाहेर पुण्याचें एप्रिलमधलें ऊन रस्त्यावरचें डांबर मऊ करीत होतें. पण जिवावरच्या धक्क्यानें लहानशा शरीरांतली ऊब भराभर निघून जाते, आणि आपण घामानें निथळत असलों तरी तें शरीर आंतून थंड होत असतें, हें मला त्या दिवशीं समजलें. उन्हाळा म्हणून कोणी अशा पिल्लाला पंख्याखालीं ठेवतो, आणि तें त्याला भोंवतें.

मग आमची धांवपळ सुरू झाली. जोड्यांचें एक रिकामें खोकें निघालें. त्याच्या झांकणाला दाभणानें भोकें पाडलीं. पिल्लू आंत ठेवण्यापूर्वीं पाडलीं, नंतर नव्हे. नातीनें आंत घालावयास टॉवेल आणला होता, पण त्याच्या दोऱ्यांच्या फांसांत बारीक नखें अडकतात असें फोनवर बजावलें होतें. म्हणून माझा एक जुना बनियन अंथरला. पत्नीनें औषधाच्या बाटलींत ऊन पाणी भरलें, ती एका पायमोज्यांत घातली, तान्ह्या मुलाची दुधाची बाटली पाहावी तशी मनगटाला लावून पाहिली, आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवली. चटका वाटला तर पिल्लाला दुसऱ्या बाजूला सरकतां यावें, हा हेतु. हीं कामें करतांना तिचे हात जरासुद्धां अडखळत नव्हते. तीन मुलें वाढविलेल्या बाईला यांतलें बरेंचसें ठाऊकच असतें. पुस्तकें वाचणारे आम्ही मात्र वातीनें दूध पाजीत बसतों.

पिल्लू उचलण्याचें काम माझ्याकडे आलें. मीं त्याच्यावर रुमाल टाकला, दोन्ही हातांनीं तें हलकेंच उचललें, आणि खोक्यांत ठेवतां ठेवतां रुमाल बाजूला सरून तें माझ्या आंगठ्याला कडकडून चावलें.

“म्हणजे जीव आहे अजून!” पत्नी म्हणाली. ही सहानुभूति माझ्यासाठीं नव्हती.

आंगठा मीं नळाखालीं धरून साबणानें चांगला पंधरा मिनिटें धुतला. खारीसारख्या लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांत रेबीज सहसा आढळत नाहीं. तरी तें ठरविणें आपलें काम नव्हे, म्हणून संध्याकाळीं डॉक्टरांना दाखविलें, आणि त्यांनीं धनुर्वाताची एक सुई टोंचून माझी बोळवण केली.

केंद्र शहराच्या टोंकाला होतें. रिक्षांत नात खोकें मांडीवर घेऊन बसली. प्रत्येक खड्ड्याला ती खोकें हातांवर अधांतरीं उचलून धरी. आंतून कसलाच आवाज येत नव्हता.

“आजोबा, अगदी थोडंसं उघडून बघूं?”

“नको.”

“मग जिवंत आहे हें कसं कळायचं?”

“कळायचं नाहीं.”

ती कांहीं वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “वांचेल ना पण?”

मुलांच्या अशा प्रश्नाला ‘हो’ हें उत्तर आपल्या जिभेवर तयारच असतें. माझ्या जिभेवर तर तें साठ वर्षें मुरलेलें होतें. त्यांत आपण मुलाचें मन जपतों असें आपल्याला वाटतें. पण पुष्कळदां आपण जपत असतों तो त्या क्षणापुरता आपलाच सुटकारा. “मला ठाऊक नाहीं, बाळ,” मी म्हणालों. आणि एवढें बोलल्यावर पुढचें थांबेना. वाईचा पेरू, तो बोका, ती वात, नाकांतून आलेलें दूध, पालापाचोळा, शेंगदाणे, सगळें मीं तिला सांगून टाकलें. रिक्षावाल्यानेंही तें ऐकलें असावें. कारण एका मोठ्या खड्ड्याशीं त्यानें आपण होऊन रिक्षा अगदीं चालीनें नेली.

“आत्याआजीला अजून माहीत नाहीं?” नातीनें विचारलें.

“नाहीं.”

तिनें दोन्ही तळवे खोक्याच्या झांकणावर पसरून ठेवले, आणि केंद्र येईपर्यंत तें उघडण्याविषयीं पुन्हां शब्द काढला नाहीं.

तेथल्या डॉक्टरबाईंनीं पिल्लू प्रथम कांट्यावर ठेवलें. वजन ५८ ग्रॅम भरलें. म्हणजे एका मोठ्या लिंबाइतकें. औषधाची मात्रा या वजनावरून ठरावयाची असते, म्हणूनच घरगुती गोळीचा अंदाज म्हणजे विषाचा अंदाज. मग त्यांनीं ओल्या कापसानें त्याची लव थोडी थोडी विंचरून बाजूला करावयास सुरुवात केली. सेतूला वाळू वाहणाऱ्या खारीच्या पाठीवरून रामानें बोटें फिरविलीं आणि तेथें पट्टे उमटले, अशी गोष्ट आपण मुलांना सांगतों. रामाची गोष्ट निराळी. इतरांनीं खारीला कुरवाळूं नये हेंच बरें. त्याच दोन पट्ट्यांच्या मधोमध बाईंना एक लाल ठिपका सांपडला, टांचणीच्या डोक्याहूनही लहान. मग पिल्लू उताणें केलें, तेव्हां पुढच्या पायाच्या बगलेंत दुसरा. एक वरच्या सुळ्याचा, एक खालच्या.

“मांजराचा दांत सुईसारखा असतो,” बाई म्हणाल्या. “कुत्र्याच्या चाव्यानं फाटतं, रक्त येतं, माणूस घाबरून धांवत येतो. मांजराची सुई आंत जाते, बाहेर येते, आणि वरची कातडी मिटून जाते. दार लावल्यासारखी. मग आंत राहिलेले जंतु निवांतपणें वाढतात.” या जंतूंतला एक मुख्य मांजराच्या तोंडांत नेहमींचाच वस्तीला असतो, मांजराला त्याचा सहसा उपद्रव नसतो. पण इवल्याशा जिवाच्या रक्तांत तो शिरला कीं एकदोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत, खेळ आटोपतो. उपाय एकच, दुखणें दिसण्यापूर्वीं जंतुनाशक औषध देणें. दुखणें दिसूं लागल्यावर बहुधा उशीर झालेला असतो. ‘मग तर’चा अर्थ तो हा.

त्या जंतूचें नांव मीं विचारलें. पाश्चुरेला. लुई पाश्चर यांच्या स्मरणार्थ ठेवलेलें नांव. कारण कोंबड्यांच्या पटकीवर त्यांनीं १८७९-८० च्या सुमारास जें काम केलें, त्या रोगाचा जंतु हाच. रोगाचे जंतु दुबळे करून त्यांचीच लस टोंचतां येते, हें त्यांना या जंतूवरच्या प्रयोगांत उमगलें, आणि पुढें १८८५ सालीं पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या एका मुलाला त्यांनीं लस टोंचली. आपल्या घरोघर पाश्चर ओळखीचे आहेत ते दुधाच्या पिशवीमुळें आणि कुत्र्याच्या चाव्यामुळें. ते माझ्या आरामखुर्चीवर झोपणाऱ्या मनीच्या दाढेंतही वास करून आहेत, हें मला सत्तरी उलटल्यावर कळावें, याची मौज वाटली. पण ती मौज फार वेळ टिकली नाहीं. वाईची खार दुसऱ्या दिवशीं टोपलींत हिंडली, तेव्हां आम्हीं टाळ्या पिटल्या होत्या. त्या वेळीं तिच्या अंगांत काय चाललें असेल, हें आतां मला समजत होतें.

मीं डॉक्टरबाईंना ती जुनी हकीकत थोडक्यांत सांगून विचारलें, “मग ती दुधानं गेली कीं दांतानं?”

“दोन्ही असूं शकेल,” त्या म्हणाल्या. “आतां कसं सांगणार?” आणि त्यांनीं इंजेक्शनची नळी प्रकाशांत धरून तींतला बुडबुडा काढला.

साठ वर्षें जो गुन्हा मीं एकट्याच्या नांवावर लिहून ठेवला होता, त्यांत बोक्याचाही वाटा निघाला. तरी मला हलकें वाटलें नाहीं.

पिल्लू आम्हीं तेथेंच ठेवलें. नातीला तें घरीं न्यावेंसें वाटत होतें. पण रानांतला जीव वांचवून योग्य हातीं द्यावा, घरीं पाळूं नये, असें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें सांगणें आहे, आणि त्या दिवशींचें आमचें शहाणपण पाहतां तें मला एकदम पटलें.

दुसऱ्या दिवशीं वर उल्लेखिलेले स्नेही आले. सर्व ऐकून ते म्हणाले, “कशाला एवढा खटाटोप? निसर्गांत हें चालायचंच.” त्यांचें म्हणणें मीं शांतपणें ऐकून घेतलें, कारण तोच विचार रिक्षाचें भाडें देतांना माझ्याही मनांत येऊन गेला होता. पण मनी म्हणजे निसर्ग नव्हे. रानांतलें मांजर उपाशी राहतें, आजारी पडतें, त्याची संख्या रानच आटोक्यांत ठेवतें. आमची मनी वाटींतलें खाऊन, लस टोंचून घेऊन, गादीवर झोपून ताज्या दमानें खारींवर जाते. तिच्या प्रत्येक झडपेमागें आमचें स्वयंपाकघर उभें असतें. मीं हें बोलून दाखवितांच स्नेही म्हणाले, “मग मी म्हणत होतों तेंच झालं कीं!” आणि चहा घेऊन विजयी मुद्रेनें गेले.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं केंद्राला फोन करावयाचा होता. तो दिवस मला तिसरा म्हणूनच नकोसा वाटत होता. नऊ वाजले, साडेनऊ वाजले, मी वर्तमानपत्रांतली निविदांची पानें वाचीत बसलों. अखेर नातीनेंच फोन लावला. “खाते आहे!” ती तेथूनच ओरडली. पुढें दोन आठवड्यांनीं निरोप आला कीं, पिल्लू जेथें मांजराचा वावर नाहीं अशा झाडीच्या जागीं सोडून दिलें. आमच्या आवारांत सोडलें नाहीं याचें नातीला वाईट वाटलें. पण मनीकडे एकदां पाहून ती कांहीं बोलली नाहीं.

मनीचें आतां मागील दार बंद झालें आहे. पहिले चार दिवस तिनें जो आकांत केला त्यानें आळी जागी झाली. हल्लीं नात दोरीला पीस बांधून तिच्यापुढें तासभर नाचविते, म्हणजे मनीची शिकारही होते आणि कोणाचें कांहीं जातही नाहीं. उरलेला वेळ ती खिडकींत बसून असते.

वैशाखांत माझी बहीण चार दिवस राहावयास आली. दुपारीं सगळीं शेंगा सोलीत बसलीं असतां नातीनें तिला मनीपासून ५८ ग्रॅमपर्यंत सगळी कथा सांगितली. बहीण कौतुकानें ऐकत होती.

“तुझ्या आजोबांचा हातच तसा आहे, बरं का,” ती म्हणाली. “आमच्या वाईच्या घरीं त्यांनीं एक खार वांचवली होती. बोक्याच्या तोंडांतली! तीन दिवसांत अशी टुणटुणीत केली कीं, पहांटे आपण होऊन पेरूवर चढून गेली. मी रोज शेंगदाणे ठेवायची तिला.”

नातीनें माझ्याकडे पाहिलें. मीं मनीकडे पाहिलें. मनी खिडकींतून समोरच्या आंब्याकडे पाहत होती, आणि आंब्यावर कोठें तरी एक खार एकसारखी ओरडत होती.

“केवढा होता ग तो पेरू, आत्याआजी?” नातीनें विचारलें.

“चांगला माडीच्या खिडकीपर्यंत!” बहीण म्हणाली, आणि ओंजळींतले दाणे सुपांत टाकून, त्याच्या फांद्या कोठून कोठें गेल्या होत्या तें ती हातांनीं दाखवूं लागली.